मॅलकीचा अर्धा इंच

लांबी तीस मीटर. रुंदी चार पूर्णांक दोन.
एवढं टेपने मोजलं, गोठ्याच्या कडेकडेने,
गायींच्या पायांशी वाकत.
एकीने माझी टोपी हुंगली
आणि पुन्हा चाऱ्यात तोंड घातलं.

खोली मात्र कुणालाच ठाऊक नाही.
काँक्रीटच्या फटीतून काठी सोडली तर मध्येच अडते:
तळाशी चाळीस वर्षांचा गाळ,
पातेल्याच्या खरवडीसारखा घट्ट.
तो ढवळायचा तर गायी बाहेर काढा, दारं उघडा, वारा बघा,
आणि त्या वायूची थट्टा
या मोनाहनच्या टेकड्यांत कुणीही करत नाही.

नकाशा?
बाबा म्हणाले, नकाशा कसला.
मी आणि मॅलकीने खणली. शहाऐंशीचा उन्हाळा.
आम्हाला माहीत होतं ना कुठे थांबायचं.

पण कागदाला हिवाळा मोजून हवा आहे.
शेणकाला शेतावर न्यायला बंदी, तेवढे बावीस आठवडे.
छत्तीस गायी,
दर गायीमागे आठवड्याला शून्य पूर्णांक तेहतीस घनमीटर.
दोनशे एकसष्ट.
दूधघर धुतलेलं पाणी, बावीस.
दोनशे त्र्याऐंशी, असं मी लिहिलं
आणि डिंप्ना ट्रेनर अशी खाली सही करायची जागा
रिकामी ठेवली.

मग बिस्किटांच्या डब्यात तो फोटो सापडला.
कोऱ्या टाकीच्या तळाशी काका उभा, दात काढून,
डोक्यावर दोन फुटी पाणसळ उभी धरलेली
एका बोटाने,
आणि तिचं वरचं टोक बरोब्बर काठाला.

पाणसळ अजून फळीवर आहे. बुडबुडा सुकलाय.
एकसष्ट सेंटिमीटर.
मॅलकी मोजता येत नाही.
तो काल्गुर्लीच्या तांबड्या मातीत आहे,
खाणीत गेला तो तिकडचाच झाला.

किती उंच होता?
माझ्याएवढा.
अर्धा इंच जास्त, असं म्हणायचा ना?
म्हणायचा.

मी बाबांना दाराच्या चौकटीशी उभं करू लागले.
नको, म्हणाले, आता मी आटलोय.
जुना पासपोर्ट काढ.
एक मीटर अठ्ठ्याहत्तर.

दोन एकोणचाळीस मग, काठापर्यंत.
त्यातली वरची वीस सेंटिमीटर मोकळी सोडायची.
आहे ती जागा धरायचीच नाही?
नाही.
कोण बसणार आहे तिथे?
बाबा, नियम आहे.

दोनशे शहात्तर.
सात कमी पडतात.
मी पेन्सिल खाली ठेवली, कारण पुढचा भागाकार
दोघांनाही तोंडी येत होता.
एक गाय, बावीस आठवडे: सात आणि वर थोडं.

बाबा खिडकीशी गेले. बाहेर काही दिसत नव्हतं,
गोठ्यातला एक दिवा आणि धुकं.
सतरा नंबर, म्हणाले. तीन सडांवर दूध देते बिचारी.
मग बराच वेळ काही नाही.
किटली उकळून बंद झाली.

होता तो.
काय?
अर्धा इंच. होता जास्त.

लग्नात, मयतीत, वर्षातून एकदा येणाऱ्या फोनवर,
अर्ध्या जगापलीकडून तो हेच विचारायचा, कबूल का?
आणि बाबा म्हणायचे, ऐकू येत नाही, लाइन खराब आहे.

मी खोडरबर घेतलं.
अर्धा इंच गुणिले तीस गुणिले चार पूर्णांक दोन:
एक पूर्णांक सहा घनमीटर.
म्हणजे एका गायीचे चौतीस दिवस.
पहिल्या ऑक्टोबरपासून धरले
तर नोव्हेंबर लागून दोन-तीन दिवस.

पुरत नाही, बाबा.

त्यांनी फोटो दिव्याखाली ओढला,
चष्मा कपाळावर सरकवून, नाक जवळजवळ कागदाला.
पायात काय आहे बघ त्याच्या, म्हणाले.
रबरी बूट आहेत ना?
त्यांचा तळ चांगला इंचभर असायचा.